कुंपणाची राखण

महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर दोन शब्द आहेत : सद्रक्षणाय खलनिग्रहणाय. सज्जनांचे रक्षण आधी, दुर्जनांचा बंदोबस्त नंतर. हा क्रम ज्याने कुणी लावला, त्याने विचार करून लावला असणार. पण पोलिसांच्या कामाचा वार्षिक हिशेब पाहिला तर तो जवळजवळ सगळा दुसऱ्या शब्दाचा असतो. गुन्हे किती नोंदले, किती उघडकीस आले, आरोपी किती पकडले, मुद्देमाल किती जप्त झाला. पहिल्या शब्दाचा हिशेब कोण ठेवते? नवऱ्याच्या मारातून सुटून मध्यरात्री ठाण्यात आलेल्या बाईचे पुढे काय झाले, हरवलेल्या गतिमंद मुलाला ठाण्यात कसे वागवले, गावाने वाळीत टाकलेल्या कुटुंबाचा अर्ज किती दिवस पडून राहिला, हे कोण तपासते?

'कुंपणच शेत खाते' ही म्हण आपण पोलिसांबाबत नेहमी वापरतो. शेतकऱ्याला मात्र कुंपणाचे दोन दोष ठाऊक असतात. एक म्हणीतला. दुसरा असा की कुंपण शेत खात नाही, पण त्याला भगदाड पडलेले असते आणि गुरे आत शिरतात. पहिल्या दोषात पोलीस स्वतः अन्याय करतात. दुसऱ्यात ते काहीच करत नाहीत आणि अन्याय दुसरा कुणी करतो. गेल्या पन्नास वर्षांत आपण पहिल्या दोषावर नजर ठेवणाऱ्या संस्था थोड्याफार उभ्या केल्या. दुसरा दोष बहुतांशी नजरेबाहेरच राहिला. विदर्भातल्या दोन घटनांच्या आधाराने हा फरक नीट समजून घेता येतो.

देसाईगंज, १९७२

२६ मार्च १९७२ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज पोलीस ठाणे. एका आदिवासी मुलीला जबाबासाठी ठाण्यात आणले होते. तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावाने दिली होती. म्हणजे कागदोपत्री तरी ती संरक्षणासाठी तिथे आली होती. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगण्यात आले, तिला मात्र थांबवून घेतले. बाहेर आल्यावर आपल्यावर शिपायाने बलात्कार केल्याचे तिने सांगितले.

पुढचा न्यायालयीन प्रवास अनेकांना माहीत आहे. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा त्या निकालाचा एक प्रमुख आधार होता. वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर स्त्रियांची चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. पोलिसांच्या ताब्यातल्या स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असा पुराव्याचा नियम आला.

या कहाणीतला एक तपशील मात्र सहसा मागे पडतो. त्या रात्री मुलीची तक्रार लिहून घेतली गेली ती कशी? ठाण्याबाहेर तिचे नातेवाईक थांबले होते. बातमी पसरली, गर्दी जमली. ठाणे पेटवून देऊ, असे लोक म्हणू लागले. घरी गेलेल्या हवालदाराला बोलावून आणावे लागले. त्याने जमावाला शांत केले आणि मग तक्रार नोंदवली. ज्या ठाण्यात गुन्हा घडल्याचे ती सांगत होती, तिची फिर्याद लिहिली गेली त्याच ठाण्यात. त्या रात्री देसाईगंजात पोलिसांवर देखरेख ठेवणारी एकच स्वतंत्र यंत्रणा होती : रस्त्यावरची गर्दी. गर्दी नसती तर चळवळीला, कायद्याला आणि त्या पत्राला कारणीभूत झालेला कागदच तयार झाला नसता.

पंधरा बायका आणि एक पत्र

कायदा बदलला त्याच १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. त्याची आठवण फार कमी निघते. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये तुरुंग प्रशासनाची परवानगी घेऊन मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन, कैद्यांशी एकांतात बोलून अहवाल द्यायला सांगितले.

फेब्रुवारी १९८३च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेले आदेश आजही वाचण्यासारखे आहेत. संशयित स्त्रियांसाठी बऱ्या वस्तीत चार-पाच वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि त्यांवर स्त्री शिपाई असाव्यात. स्त्रियांची चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. अटक होताच विधी सहाय्य समितीला आणि नातेवाइकांना कळवावे. दंडाधिकाऱ्याने समोर आणलेल्या प्रत्येक व्यक्तीला 'पोलिसांनी छळ केला का?' असे स्वतःहून विचारावे. आणि सगळ्यांत वेगळा आदेश असा, की मुंबई शहरात एका सत्र न्यायाधीशाने, शक्यतो स्त्री न्यायाधीशाने, पोलीस कोठड्यांना वेळोवेळी अचानक भेटी द्याव्यात आणि आत असलेल्यांना गाऱ्हाणे सांगायची संधी द्यावी.

या शेवटच्या आदेशात देखरेखीचा एक संपूर्ण विचार आहे. कुणीतरी बाहेरचे आत गेले, शेजारी बसले, विचारले, तेव्हा त्या पाच जणी बोलल्या. न्यायालयाने हे ओळखले आणि विचारायला जाण्याची जबाबदारीच एका न्यायाधीशावर टाकली.

बावीस आणि एकोणतीस सप्टेंबर

त्यानंतरचा मोठा टप्पा २२ सप्टेंबर २००६चा. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह आणि इतरांनी १९९६ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतला एक पोलीस तक्रार प्राधिकरणाचा होता. जिल्हा पातळीवर उपअधीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी आणि राज्य पातळीवर अधीक्षक व त्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी, निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलिसांबाहेरची यंत्रणा असावी आणि तिची शिफारस बंधनकारक असावी, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य प्राधिकरणाची तरतूद केली. मात्र जिल्ह्याऐवजी महसूल विभाग हा खालचा घटक धरला. गडचिरोलीच्या माणसाला जिल्ह्याचे गाव वेगळे आणि नागपूर वेगळे. ज्याची मजुरी बुडते, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

निकालानंतर बरोबर सात दिवसांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आई, मुलगी आणि दोन मुलगे. त्याआधी त्यांच्या एका नातेवाइकाला मारहाण झाली होती आणि त्या गुन्ह्यात मायलेकींनी संशयितांना ओळखले होते. संशयितांना अटक झाली, जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर चालून गेला. पुढे आठ जण खुनासाठी दोषी ठरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा त्या खटल्यात टिकला नाही. पोलिसांच्या हलगर्जीपणावर ठपका आला, काही जण निलंबित झाले.

देसाईगंज आणि खैरलांजी शेजारी ठेवून पाहावे. पहिल्या ठिकाणी आरोप होता तो पोलिसांनी केलेल्या कृत्याचा. दुसऱ्या ठिकाणी पोलिसांनी हात उगारलेला नव्हता. प्रश्न होता न केलेल्या गोष्टींचा. ओळख पटवणाऱ्या बायकांना धोका आहे हे ताडले गेले का? संशयित सुटतील त्या दिवशी गावात बंदोबस्त लागेल, हे कुणाच्या लक्षात आले का?

तक्रार प्राधिकरणाच्या अधिकारकक्षेत काय येते, ते आता पाहू. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, खंडणी, घर किंवा जमीन बळकावणे, अधिकाराचा गंभीर गैरवापर. यादी योग्यच आहे. पण ती सगळी शेत खाणाऱ्या कुंपणाची यादी आहे. भगदाडाला तिच्यात स्वतःची अशी जागा नाही.

गंमत अशी की महाराष्ट्राच्या त्याच पोलीस कायद्यात, १९५१ पासून, ६६वे कलम आहे. रस्त्यात आढळणाऱ्या अपंग वा असहाय माणसाला शक्य ती सर्व मदत करणे, जखमी वा आजारी कैद्याला तातडीने उपचार मिळवून देणे, स्त्रिया आणि मुलांशी सभ्यतेने आणि सौम्यपणे वागणे, ही प्रत्येक पोलिसाची कर्तव्ये म्हणून त्यात लिहिलेली आहेत. सद्रक्षणाचा याहून नेमका मसुदा शोधून सापडणार नाही. नंतरच्या कायद्यांनी त्यात भर घातली. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या २०१२च्या कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घालता घ्यायचा आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी ताब्यात घ्यायचे ते संरक्षणासाठी, त्याला कोठडीत टाकायचे नाही आणि चोवीस तासांत आरोग्य संस्थेत पोहोचवायचे. कर्तव्ये भरपूर आहेत. ती पार पडतात की नाही, हे बाहेरून पाहणारा डोळा नाही.

न केल्याबद्दलची शिक्षा

न केलेल्या कामाची कायद्याने अजिबात दखल घेतलेली नाही, असे म्हणता येणार नाही. दिल्लीतल्या २०१२च्या घटनेनंतर झालेल्या दुरुस्तीने लैंगिक गुन्ह्याची फिर्याद न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते दोन वर्षे कारावासाची तरतूद केली. नव्या न्याय संहितेतही ती आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की फिर्याद नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये घटनापीठाच्या निकालात सांगितले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे. २०१५च्या दुरुस्तीने ती कर्तव्ये एकेक करून लिहिलीही. पण त्याच कलमात एक अटही आहे. अधिकाऱ्यावर असा आरोप ठेवायचा तर आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस हवी. म्हणजे कुलूप लावले आणि किल्ली घरातल्याच माणसाकडे ठेवली.

शिवाय शिक्षेची तरतूद तेव्हाच चालते, जेव्हा कुणीतरी तक्रार करते. ठाण्याचा अनुभव असलेल्यांना 'एनसी घेऊन बोळवण केली' या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मार खाल्लेली बाई ठाण्यात येते, अंमलदार अदखलपात्र नोंद करतो, कागदाची एक प्रत हातात देतो आणि 'घरचा मामला आहे, समजुतीने घ्या' म्हणतो. बाई घरी जाते. आपल्या बाबतीत कर्तव्यात कसूर झाली, हे तिला कळतही नाही. कळले तरी त्याच ठाण्याच्या हद्दीत तिला राहायचे आहे. दुर्बल असणे म्हणजे नेमके हेच. ज्याला संरक्षण सर्वाधिक हवे, त्याची तक्रार करण्याची ताकद सर्वांत कमी. म्हणून निव्वळ तक्रारीवर चालणारी देखरेख, कितीही स्वतंत्र असली, तरी या माणसापर्यंत पोहोचतच नाही.

तक्रारीशिवाय उघडलेले दप्तर

यावर एक उपाय इंग्लंडमध्ये सापडतो. तिथे तक्रारींची चौकशी करणारी संस्था वेगळी आणि पोलीस दलांची तपासणी करणारे निरीक्षणालय वेगळे. हे निरीक्षणालय १८५६च्या कायद्याने सुरू झाले. त्याला तक्रारदार लागत नाही. एखादा विषय हाती घ्यायचा आणि प्रत्येक दलाचे दप्तर उघडायचे, ही त्याची रीत.

२०१३ मध्ये गृहमंत्र्यांनी त्याच्याकडे कौटुंबिक हिंसाचाराचा विषय सोपवला. इंग्लंड आणि वेल्समधल्या सर्व ४३ दलांची तपासणी झाली आणि मार्च २०१४ मध्ये अहवाल आला. निरीक्षकांनी पीडित स्त्रियांशी चर्चा केल्या, मदतीसाठी आलेले फोन ऐकले आणि शारीरिक इजेच्या सुमारे ६०० प्रकरणांच्या फायली काढून वाचल्या. जवळपास निम्म्या फायलींत जखमांची छायाचित्रेच नव्हती. एकाही बाईने 'माझ्या जखमेचा फोटो काढला नाही' अशी तक्रार केलेली असण्याचे कारण नाही. अशी चूक एकेका प्रकरणात दिसत नाही, फायली शेजारी शेजारी ठेवल्या की दिसते. आणि ती एका शिपायाची न राहता सबंध दलाच्या सवयीची होते. त्यानंतर प्रत्येक दलाला सुधारणेचा आराखडा करावा लागला.

तिथली दुसरी व्यवस्था आपल्या १९८३च्या आदेशाची सख्खी बहीण वाटते. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या लॉर्ड स्कारमन यांनी १९८१च्या अहवालात सुचवले, की सामान्य नागरिकांनी पोलीस कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. २००२च्या कायद्याने ती व्यवस्था सर्वत्र बंधनकारक झाली. शिक्षक, दुकानदार, निवृत्त परिचारिका असे स्वयंसेवक दोघे-दोघे मिळून न कळवता जातात, कोठडीतल्या माणसांशी बोलतात, जेवण-पांघरुणापासून औषधापर्यंत पाहतात आणि अहवाल देतात.

इंग्लंडचे सगळे आलबेल आहे, असा याचा अर्थ नाही. पोलिसांच्या गंभीर अपयशाची प्रकरणे तिथेही निघत राहिली. निरीक्षणालयाच्या प्रमुखपदी पोलीस खात्याबाहेरचा पहिला माणूस यायला २०१२ साल उजाडावे लागले. म्हणजे त्याआधी अनेक वर्षे या तपासणीचे नेतृत्व पोलिसांतूनच आलेल्यांकडे होते. पण फाइल तक्रारीशिवाय उघडता येते आणि अहवाल लोकांसमोर ठेवता येतो, ही सवय तिथे रुजली.

आपल्याकडे ठाण्याची वार्षिक तपासणी होते, ती वरिष्ठ पोलीस अधिकारी करतात. डायऱ्या, नोंदवह्या, मुद्देमाल, शस्त्रे सगळे पाहिले जाते. ती उपयोगी असते, पण तिचा अहवाल खात्यातच राहतो. मानवी हक्क आयोगाला १९९३च्या कायद्याने मोठा अधिकार दिला आहे. हक्कांचे उल्लंघन रोखण्यात लोकसेवकाने दाखवलेल्या निष्काळजीपणाचीही तो चौकशी करू शकतो, तीही स्वतःहून. म्हणजे भगदाड पाहण्याचा अधिकार देणारी तरतूद आहे. पण घटनेला वर्ष उलटले की चौकशीची वाट बंद होते, आयोगाचे म्हणणे शिफारशीपुरते राहते आणि आयोगाच्या तपास शाखेतही पोलिसांनाच जागा दिलेली आहे.

असलेलेच वापरायचे तर

नवी संस्था, नवी इमारत, नवा लाल दिवा असा आपला सुधारणेचा मार्ग असतो. या बाबतीत बरेच काही आधीच लिहिलेले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व सनियंत्रण समिती असते आणि तिने तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचे असते. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीने वर्षातून दोनदा. या समित्यांच्या बैठका होतात का, हा एक प्रश्न. बैठकीत काय पाहतात, हा त्याहून मोठा. नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या आणि वाटलेल्या अनुदानाचा आकडा एवढ्यावर बैठक संपवता येते. त्याऐवजी जिल्ह्यातल्या वीस ठाण्यांमधून वीस अदखलपात्र नोंदी काढून वाचल्या, तर कुणाची बोळवण झाली ते तासाभरात दिसेल.

न्यायाधीशांच्या अचानक भेटींचा १९८३चा आदेश मुंबईपुरता होता. तो प्रत्येक जिल्ह्यात लागू करायला तत्त्वाची अडचण कोणती? ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबाबत डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर आदेश दिले. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा सगळीकडे कॅमेरे आणि त्यांवर लक्ष ठेवायला राज्य व जिल्हा समित्या. पण कॅमेरा आठवण ठेवतो, विचारपूस करत नाही. पंधरा बायकांशी शीला बारसे बोलल्या, ते काम कॅमेऱ्याचे नाही.

स्वतंत्र देखरेख म्हणजे काय, याच्या कसोट्या मग साध्या राहतात. पाहणाऱ्याची नेमणूक आणि पगार ज्याला पाहायचे त्याच्या हाती नसावा. त्याला न सांगता जाता यावे. कोणताही कागद मागता यावा. तक्रार नसतानाही फाइल उघडता यावी. आणि जे दिसले ते विधानसभेसमोर आणि लोकांसमोर ठेवता यावे. यातली शेवटची कसोटी पोलिसांच्याही फायद्याची आहे. मनुष्यबळ अपुरे, बंदोबस्त वाढता, ठाण्यात एकच स्त्री शिपाई आणि तिची दिवसपाळी; रात्री आलेल्या बाईचा जबाब कोण घेणार? ही अडचण अंमलदार वर सांगतो आणि ती वरच विरते. बाहेरच्या अहवालात ती छापून आली, तर सरकारला उत्तर द्यावे लागेल.

देसाईगंजात त्या रात्री गर्दी होती म्हणून एक कागद तयार झाला. खैरलांजीत वेळेवर कुणीच नव्हते. आजही कुठल्यातरी ठाण्याच्या बाकड्यावर कुणीतरी बसलेले असेल, आत बोलावण्याची वाट पाहत. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे सहा महिन्यांनी विचारायला येणारा कुणीतरी असला पाहिजे. त्याने बोलावले नसले तरी.